निळ्या पेनाची हजेरी

माझ्या टेबलावर दोन पेनं असायची. निळं हजेरीसाठी, लाल गैरहजेरीसाठी. चौदा वर्षं मी त्या शाळेत होते आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांत लाल पेन मी फारसं उघडलंच नाही. एकदा तर ते वाळून गेलं. शाळेतले दुसरे शिक्षक, सर, म्हणाले, "मॅडम, आपल्या शाळेत आजारीसुद्धा कोणी पडत नाही हो." मी हसले होते. आता ते हसणं आठवलं की स्वतःचाच राग येतो.

शाळा लाखांदूर तालुक्यातल्या एका लहानशा गावची. बाजाराला दिघोरी, आणि मी राहायचेही दिघोरीलाच, भाड्याच्या दोन खोल्यांत. रोज सकाळी स्कूटी काढायची आणि बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या वाफ्यांच्या, मधून गाव गाठायचं. गावाच्या एका अंगाला मोठा तलाव, दुसऱ्या अंगाला धान, आणि धानाच्या पलीकडे जंगल. वर्ग पहिली ते पाचवी, खोल्या दोन, शिक्षक दोन. मी आणि ते सर. मी वयाने मोठी म्हणून मुख्याध्यापकाचं काम माझ्या गळ्यात पडलेलं, म्हणजे पगार शिक्षिकेचा आणि बोलणी मुख्याध्यापकाची.

पट एकवीस. हा आकडा झोपेतून उठवून विचारला असता तरी मी सांगितला असता. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद होणार आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवणार, अशी बातमी दर वर्षी यायची. हे 'जवळ' ज्याने कोणी कागदावर लिहिलं, त्याला मी एकदा त्या वाटेने चालवून आणणार होते. आधी तलावाची पाळ, मग जंगल, सगळं मिळून चार किलोमीटर. वाटेत रानडुकरं, अस्वल, अधूनमधून वाघ फिरत असल्याची बातमी. मुलगे गेले असते कसेतरी. मुली घरी बसल्या असत्या.

हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी मोठी बहीण अशीच घरी बसली. वडील मला सायकलवर अड्याळच्या शाळेत सोडायचे. सायकल एकच, आणि मी लहान म्हणून दांडीवर मावायचे. बहिणीने जन्मभर लोकांच्या शेतात धानाच्या रोवण्या केल्या आणि मी डी.एड. करून खुर्चीवर बसले. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण रोवणीच्या दिवसांत तिच्या पायांची चिखलाने कुजलेली बोटं दिसली की माझी मान खाली जायची. म्हणून मी हट्टाला पेटले होते. माझ्या शाळेतली एकही मुलगी घरी बसणार नाही, आणि त्यासाठी शाळा उघडी राहिली पाहिजे. हा हट्ट चांगलाच होता. तो मी कसा पुरवला, ते सांगायचं आहे.

ती मुलगी चौथीत होती. दहा वर्षांची, काटकुळी, पण आवाज असा की तिने "हजर मॅडम" म्हटलं की तलावावरचे बगळे उडतात, अशी सर तिची थट्टा करायचे. वाचायची झरझर. खिचडीचा तांदूळ निवडायला स्वयंपाकवाल्या बाई जुनं वर्तमानपत्र पसरायच्या. ही मधल्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून तांदूळ सारायची आणि खालच्या बातम्या वाचून त्यांना सांगायची. "मावशी, आंधळगावात चोरी झाली." बातमी वर्षापूर्वीची असायची, पण दोघींना त्याचं काही नव्हतं.

ती पहिलीत असताना तिचे वडील गेले. शेतातल्या मोटारपंपाचा शॉक लागला. आई कापणी-रोवणीला जायची. घर एका खोलीचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या खाली खिळ्याला दप्तर. त्या घरात लेकीइतकाच मान त्या दप्तराला होता.

धान घरात आलं, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली, की आमच्याकडच्या गावांना पाय फुटतात. माणसं टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळा तापला की परततात. लेकरं मागे कोणाकडे ठेवणार, म्हणून सोबत जातात. त्या वर्षी मळणीच्या वेळी मुलीची आई बांधावरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. ती काही जाऊ शकत नव्हती. मुलीची आत्या जाणार होती. तिला आठ महिन्यांचं बाळ होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी आई शाळेत आली. आम्ही तिळगूळ वाटून वर्ग बंद करत होतो. तिच्या गळ्यात हाताची झोळी होती आणि मुलगी तिच्या पदराला धरून मागे उभी होती.

"मॅडम, इची आत्या मिरची तोडाले जाऊन रायली," ती म्हणाली. "तिचं लेकरू सांभाराले इले मागते. दोन महिन्याची गोष्ट हाय म्हन्ते. परीक्षेच्या आंधी आनून देईन."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मले काय वाटन. हात असा. तिथं दोन टाइम पोटभर खाईन तरी." मग तिने विचारलं, "इचं नाव तं नाई कटन नं, मॅडम?"

त्याच आठवड्यात आणखी दोन मुलं आईबापांबरोबर जाणार होती. एकविसातून तीन गेले की अठरा. माझ्या डोक्यात त्या क्षणी हे गणित झालं. मी म्हणाले, "नाव नाही कापत मी. काळजी नका करू. परीक्षेला आणा म्हणजे झालं."

"बरं, मॅडम," ती म्हणाली, पण हलली नाही. बराच वेळ उभी राहिली. आज मला स्वच्छ दिसतं की मी "पाठवू नका" म्हणावं म्हणून ती आली होती. घरातल्या माणसांसमोर, नणंदेसमोर तिला नाही म्हणता येत नव्हतं. 'मॅडम नाई म्हनते' एवढं वाक्य तिला घरी न्यायचं होतं. मी तिला ते दिलं नाही. मला पट सांभाळायचा होता.

मुलीने मागून विचारलं, "मॅडम, पुस्तक नेऊ का?" मी म्हटलं, ने.

कामासाठी बाहेर जाणाऱ्या मुलांना शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. मूल कुठे चाललं, कोणाबरोबर, हे त्यावर लिहायचं. एक प्रत वर कळवायची आणि तिकडच्या शाळेने ते कार्ड पाहून मुलाला वर्गात बसवायचं. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्या कपाटात होता. ते भरलं असतं तर तीन मुलं गावात नाहीत हे तालुक्याला कळलं असतं. गावात मुलांच्या संरक्षणाची समिती आहे, सरपंच अध्यक्ष. मीही तिची सदस्य. त्या महिन्याच्या बैठकीच्या नोंदीत 'गावातील एकही बालक स्थलांतरित नाही' असं वाक्य आहे. अक्षर माझंच.

दुसऱ्या दिवसापासून मी गेलेल्यांचीही निळ्या पेनाने हजेरी मांडू लागले. तपासणीला कोणी अचानक आलं तर म्हणून वर्गालाही शिकवून ठेवलं. त्या तिघांची नावं घेतली की शेजारी बसणाऱ्याने "हजर" म्हणायचं. मुलांना तो खेळच वाटला. तिच्या जागेवर तिची मैत्रीण "हजर मॅडम" म्हणायची, मुद्दाम तिच्यासारखं मोठ्याने ओरडून, आणि सगळा वर्ग हसायचा. मीही.

खिचडीचा आकडा मोबाइलवरून रोज पाठवायचा असतो. त्यात ती होती. तिच्या वाटची खिचडी मी बाकीच्यांच्या ताटात वाढायला लावायचे, घरी एक दाणा नेला नाही, आणि ह्या प्रामाणिकपणाचं मला मोठं कौतुक होतं. कागदावर ती रोज जेवत होती. एप्रिलमध्ये परीक्षा झाली, त्यातही ती बसली. मराठीत मी तिला सगळ्यात जास्त गुण दिले. ती असती तर मिळवलेच असते.

एप्रिलच्या शेवटी टोळी परतली. दोन्ही मुलं आली, रापून काळी झालेली, मिरचीने बोटांची सालं निघालेली. ती आली नाही.

आत्याने सांगितलं, ज्यांच्या शेतावर होतो त्या मालकिणीला पोरगी फार आवडली. घरातलं वरवरचं काम करील, खाऊनपिऊन राहील, शाळेतही घालतो म्हणाल्या. म्हणून ठेवली. सहा महिन्यांनी आणू. आईला आधी ते पटलंही असेल थोडं. तिने टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून दोनदा लेकीशी बोलणं केलं. तिसऱ्यांदा फोन लागला नाही. मग लागलाच नाही. मुकादम म्हणाला, मालकाने नंबर बदलला. मे महिन्याच्या उन्हात ती अजून नीट न जुळलेला हात झोळीत घेऊन नणंदेच्या दारात भांडून आली आणि तिथून पायी पोलीस ठाण्यात गेली.

ठाण्यातून मला निरोप आला, शाळेचं रजिस्टर घेऊन या. मी गेले तेव्हा आई खाली बसलेली होती, आत्या आणि तिचा नवरा भिंतीला टेकून उभे होते. पोलिसांचं नाव ऐकून आत्याची पाचावर धारण बसली होती. ती एकच धरून होती.

"आमी नाई नेलं तिले. ते शाळेत जात होती. मॅडमले विचारा."

हवालदाराने रजिस्टर उघडलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. बोट फिरवत खाली आला आणि आईकडे पाहून म्हणाला, "बाई, तुझी पोरगी शाळेच्या शेवटच्या दिवसापर्यंत हजर आहे इथं. परीक्षा दिली आहे तिनं. तू सांगतेस जानेवारीत गेली. कोणाचं खरं धरू?"

आईला वाचता येत नव्हतं. तिने त्या कागदाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी सांगा नं. तुमाले तं मालूम हाय."

मी म्हणाले, "मला रजिस्टर पाहून सांगावं लागेल."

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. मी ते वाक्य का बोलले, ह्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते लाजिरवाणं आहे. मी घाबरले होते. खोटी हजेरी, खोटी खिचडी, खोटी परीक्षा, नोकरी जाणार, आणि शाळाही. आईने हाताची झोळी नीट केली आणि उठली. जाताना हवालदाराला एवढंच म्हणाली, "घरी पुस्तक नाई हाय तिचं, पाहून घ्या साहेब. पोट्टी पुस्तक घेऊनच गेली." पुस्तकाचा पुरावा कोण धरणार? सरकारी कागदावर माझी सही होती. टोळीतली माणसं मुकादमाच्या धाकाने गप्प होती आणि बाकीचं गाव मॅडमच्या रजिस्टरपुढे बोलायला तयार नव्हतं.

बाहेर आल्यावर मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, शांत राहा. पोरगी येईल परत. तुम्ही बोललात तर शाळाही जाईल आणि आपण दोघंही." सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याच मनातलं मला ऐकवलं.

त्यानंतर मुलीची आई तीनदा दिघोरीला माझ्या दारात आली. भांडायला नाही. ओट्यावर बसायची. मी पाणी द्यायचे, ती प्यायची. "काई समजलं का, मॅडम?" विचारायची. मी नाही म्हणायचे. मग ऊन उतरलं की परत जायची. तिने एकदा जरी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तक्रारीनंतर नवव्या दिवशी सकाळी कळलं की तलावात जाळी टाकताहेत. रजिस्टरप्रमाणे मुलगी एप्रिलपर्यंत गावात होती, म्हणजे ती गावातूनच बेपत्ता झाली. सुट्टीत मुलं तलावावर पोहायला जातात. शोध तिथून सुरू झाला. मी स्कूटी तशीच पाळीवर चढवली.

मे महिन्यातला तलाव. मधे कंबरभर पाणी, बाकी गाळ. गावातले ढिवर जाळी ओढत होते. मासे धरताना ती माणसं बोलतात, हसतात, एकमेकांवर ओरडतात. त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं. पाळीवर अर्धं गाव जमलेलं, आत्याही होती, तोंडाला पदर लावून. आणि आई खाली गाळाच्या काठाला उभी होती. प्रत्येक वेळी जाळं वर आलं की ती म्हणायची, "इथं काय पायता बापा? ते इथं नाई. ते तिकडं हाय." कोणी तिच्याकडे लक्ष देत नव्हतं. दुःखाने तिचं डोकं फिरलं, असं माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली.

तिचं डोकं ठिकाणावर होतं. त्या सगळ्या पाळीवर खरं बोलणारी ती एकटी होती, आणि तिला वेडी मीच ठरवलं होतं. तिची जिवंत लेक मी त्या गाळात लोटली होती. मी तिथे खाली बसले आणि रडले, आणि लोकांना वाटलं मॅडमचा फार जीव होता पोरीवर.

मुलांच्या संरक्षणाच्या ऑफिसातल्या एक बाई त्या दिवशी भंडाऱ्याहून आल्या होत्या. पाळीखाली त्यांची गाडी उभी होती. मी जाऊन त्यांना सांगितलं. त्या लिहून घेत होत्या.

"गावात कधीपासून नव्हती?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग ही हजेरी?"

"मी मांडली. ती नसताना."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "तक्रार होऊन नऊ दिवस झाले, मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली. ढिवरांनी जाळी गुंडाळली. आईला कोणीतरी सांगितलं असणार, कारण ती गाळातून वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता मारील. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता सांगतलं तुमी?" बस.

माझा जबाब हाती आल्यावर आत्यानेही तोंड उघडलं. मालकाचं गाव कळलं. पाचव्या दिवशी इथली आणि तिथली माणसं मिळून त्या घरी पोचली. मुलगी तिथे नव्हती. मालकाची लेक सुट्टीला माहेरी आली होती, तिने परत जाताना तिला कामासाठी शहरात नेलं होतं. चार दिवसांपूर्वी.

मी चौथीला गणित शिकवायचे. तक्रारीच्या दिवशीच मी खरं बोलले असते तर पाचव्या दिवशी ते तिथे पोचले असते. ती नेली गेली दहाव्या दिवशी. हे गणित माझ्या वर्गातल्या कच्च्यातल्या कच्च्या मुलालाही सुटलं असतं.

मालकाच्या लेकीने पत्ता खोटा दिला होता. शोध लागायला दिवाळी उलटली. शहरात त्या घराशेजारच्या एका बाईला मुलगी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत रोज कपडे वाळत घालताना दिसायची, तिने फोन करून कळवलं. मग तिथलं बालगृह, तिथली बालकल्याण समिती, आमच्या जिल्ह्याची समिती, कागद, सह्या. डिसेंबरात ती गावात आली. केस बारीक कापलेले. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पोळल्याची खूण. गरम भांडं सांडलं, असं ती म्हणाली आणि कोणी पुढे विचारलं नाही. मीही नाही. मला ऐकायची भीती वाटली.

आई तिला शाळेत घेऊन आली त्या दिवशी मी नेहमीसारखी हजेरी घेतली. तिचं नाव घेतलं. ती समोरच बसली होती, आता पाचवीत. ती काही बोलली नाही. मी पुन्हा नाव घेतलं. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. वर्ग थांबला. तेवढ्यात शेजारची मैत्रीण सवयीने, तिच्यासारखंच मोठ्याने ओरडली, "हजर मॅडम!"

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मी निळ्या पेनाने मांडलं. माझ्या हाताने तिच्या नावापुढे मांडलेली ती कितीतरी महिन्यांनंतरची पहिली खरी हजेरी, आणि तीही दुसरीच मुलगी बोलली.

आठ-दहा दिवस ती आली. वाचायला दिलं तर ओळीवर बोट ठेवून बसायची, एकेक अक्षर लावायची, मग मिटून टाकायची. मग येईनाशी झाली. मी घरी गेले. ती आईबरोबर कामावर गेली होती, संध्याकाळी परतल्या. आई म्हणाली, "मॅडम, राग नोका मानू. आता ते माह्या नजरेसमोरच राहू द्या. मले आता कोनाचा भरोसा नाई." कोणाचा, हे तिने सांगितलं नाही. भिंतीवरच्या खिळ्याला दप्तर नव्हतं, विळा होता.

त्या दिवशी मी शाळेत येऊन लाल पेन उघडलं. ते वाळलेलं होतं. कागदावर चार वेळा घासलं तेव्हा उमटलं.

माझी चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, बदलीचा हुकूम आला मोहाडी तालुक्यात. कमीच झाली शिक्षा. शाळा अजून चालू आहे, हे सांगायलाच हवं. पट अठराला आला, मग सतरा, तरी चालू आहे. बंद होणार, होणार म्हणतात आणि होत नाही. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं ती खरी ठरलीच नाही.

शेवटच्या दिवशी मी सरांना किल्ल्या देत होते तेव्हा मायलेकी फाटकाशी आल्या. मुलीच्या डोक्यावर काटक्यांचा भारा होता. आई फाटकाबाहेरच थांबली. मुलीने भारा उतरवून भिंतीला टेकवला आणि आत आली. मी कितीतरी दिवस मनात जुळवत होते की हिची माफी कशी मागायची. लहान मुलाची माफी मागायला शब्द सापडत नाहीत, मोठ्या माणसाची मागता येते.

मी काही बोलायच्या आत तीच बोलली. आवाज बारीक, मला वाकून ऐकावं लागलं. "मॅडम, माही मैत्रीन सांगत होती का मी नव्हती तवाबी तुमी रोज माह्यं नाव घेत होते. सप्पा दिवस, एकबी नाई सोडला. खरं हाय का?"

"हो," मी म्हणाले.

"मी तिथं रोज म्हनो," ती म्हणाली. "भांडे घासता घासता. घड्याळात साडेधा वाजले का मनातल्या मनात म्हनो, हजर मॅडम. नाव कटू नाई म्हनून." मग पहिल्यांदा ती हसली, तिचे पुढचे मोठे दात दिसले. "म्हंजे तुमाले ऐकू येत होतं नं?"

तिची आई फाटकाबाहेरून आमच्याकडे पाहत होती. ती ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. सर किल्ल्या हातात घेऊन उभे होते.

मी हो म्हणाले.

ती खूश झाली. तिने भारा उचलून घेतला, आईने तो तिच्या डोक्यावर नीट बसवला, आणि दोघी तलावाच्या पाळीकडे निघून गेल्या.